शेख सर आणि दुधनीचा ग्लास

पाणी तपासायच्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते बाटलीत भरून टेबलावर येतात. सोलापुरातल्या आमच्या लॅबमध्ये असे किती आले, आणि त्यातले निम्मे आमच्या शेख सरांच्या नावावर!

सरांना एकच खोड. कुणाकडेही गेले की पाण्याचा ग्लास आधी उजेडाकडे धरायचे, मग प्यायचे. यंदा त्यांच्या मुलीचं, शबानाचं लग्न जमवायचं होतं. मुलगा दुधनीचा, तिच्या मनात भरलेला. भाभींना, म्हणजे सरांच्या बायकोला, धास्ती होती ती या खोडीचीच.

*

उन्हाळ्यात मोहोळकडच्या एका गावाचा तलाव हिरवागार झाला, वर सायीसारखा थर. नमुना मागवला, तर बाटलीत पाणी नितळ! घेऊन आलेल्या काकांना मी विचारलं.

"नव्या धोतराच्या फडक्यातनं दोनदा गाळलंय की. तुमाला घाण पाणी कसं द्यायचं?"

इतक्या आदरानं आणलेला नमुना ओतून टाकताना माझ्या जिवावर आलं.

*

करकंबच्या एक मावशी तर पाणी उकळूनच घेऊन आल्या. सरांनी समजावलं, पाण्यावरचं हे हिरवं साधं शेवाळ नव्हे. हे बारीक जीव, आणि यातल्या काहींच्या पोटात विष असतं. उकळल्यावर जीव मरतात, विष मात्र पाण्यात उतरतं आणि तिथंच राहतं.

मावशी विचारात पडल्या. "मंजे मेल्यावरच जास्त तरास देतंय व्हय? आमच्या भावकीत लई हायत असली."

*

सरांचे शेजारी अंबादासअण्णा टॉवेल विणतात. एकदा लॅबमध्ये आले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. हिरवे मणी, ओळीनं ओवल्यासारखे. अण्णा उठेचनात. महिन्याभरानं त्यांच्या टॉवेलच्या काठावर तीच माळ! एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे कुठलं फूल? अण्णांनी खरं ते सांगितलं, तलावातली घाण आहे म्हणून. गिऱ्हाइकाला वाटलं, अण्णा थट्टा करताहेत. टॉवेल घेऊन गेलं.

*

आणि मग दुधनी. शबाना मला मावशी म्हणते, म्हणून मुलाच्या घरी बोलणी करायला मीही गेले होते. पाण्याचा ट्रे आला. भाभींनी सरांकडे पाहिलं. सरांनी शहाण्यासारखा ग्लास उजेडाकडे न धरता सरळ तोंडाशी नेला आणि थांबले. ओल्या मातीचा कुबट वास. ग्लास परत ट्रेमध्ये गेला.

"पानी में कुछ है क्या, भाईसाब?" मुलाच्या आईनं विचारलं.

नाही म्हणाले असते तर विषय मिटला असता. सरांनी रिकामी बाटली मागितली! पुढं लग्नाचं कुणी बोललंच नाही. शबानानं घरी सरांशी अबोला धरला. मला सरांचा राग आला होता, खरं सांगते.

त्या बाटलीत तीच माळ निघाली. विषाची तपासणी पुण्याला व्हायची होती, पण सरांनी थांबायचं नाकारलं. दुधनीला फोन केला की हे नळाचं पाणी पिऊ नका, पोरांना देऊ नका, उकळूनही नाही. पलीकडून फक्त "अच्छा" आलं आणि फोन ठेवला.

आठवड्यानं मुलाची आई स्वतः लॅबच्या दारात उभी. पदराखाली बाटली.

"ये बोअर का पानी है," त्या म्हणाल्या. "ये पास हुआ तोच लडकी मांगूंगी. नै तो किस मूं से मांगूं?"

सरांनी थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. भाभींचा फोन येत राहिला, सरांनी उचलला नाही. आम्ही सगळे उभे. बऱ्याच वेळानं, मान वर न करताच, त्यांनी विचारलं,

"तारीख कब की रखना बोले?"