तिसरीच्या भिंतीवरची काच

आमच्या शाळेत संघप्रिया बाईंना कुणी नावाने हाक मारत नाही. त्या मुख्याध्यापिका, म्हणून ‘मोठ्या बाई’. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, तरी मोठ्याच. मी रेणुका, पहिलीचा वर्ग माझ्याकडे. माझी जीभ जरा तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी वाईट वाटून घेणार नाही.

ताडकळसच्या पलीकडचं आमचं गाव. जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, आम्ही शिक्षक चार. बाई बदलून आल्या तेव्हा गावाने आधी त्यांचं आडनाव विचारलं आणि मग शिक्षण. बाईंनी दोन्ही एकाच आवाजात सांगितलं. त्यांचे वडील सिताराम येलदरीच्या वीजघरात मदतनीस होते. लेक शिकलीच पाहिजे, या हट्टापुढे त्यांनी भावकीचं काही चालू दिलं नाही. लेक शिकली, शिक्षिका झाली आणि बरीच वर्षं सोनपेठकडच्या एका शाळेत रमली. तिथे एकदा मुलांसाठी टॅब आले होते. बाईंकडे तेव्हा शाळेचा कारभार होता. त्यांनी ‘सर्वांनी वापर करावा’ अशी सूचना काढली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि निर्धास्त झाल्या. मोडलं तर जबाबदारी कुणाची, या भीतीने टॅब कपाटात गेले. पुढे कधीतरी कपाट उघडलं तर बॅटऱ्या फुगून बसलेल्या.

“सही केली म्हंजे माणूस तयार झाला असं न्हाई, रेणुका,” बाई मला बसमध्ये सांगायच्या. “सही तर लोक सुटका व्हावी म्हनून बी करतेत.”

तर मागच्या पावसाळ्यात आमच्याही शाळेत वर्गणीतून डिजिटल बोर्ड आला. दाराएवढी मोठी काच, बोट लावलं की लिहिते, नकाशे दाखवते, गाणी म्हणते. वर्गणी गोळा करायला पुढे होता बन्सीधर, आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष. त्याची मुलगी अपेक्षा तिसरीत. गावातली निम्मी पोरं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जायला लागली होती, ती थांबावीत म्हणून हा सगळा खटाटोप. बोर्ड आला त्या दिवशी नारळ फुटला, झेंडूचा हार चढला आणि कुणीतरी हौसेने काचेलाच हळदकुंकू लावलं. दुसरीचे परमेश्वर सर असे ओरडले की जणू त्यांच्या डोळ्यात कुंकू गेलं. हे परमेश्वर सर आमच्यात सगळ्यात तरुण. मोबाइलमधलं सगळं त्यांना येतं, आणि ते येतं हेही त्यांना फार येतं.

बोर्ड लावायचा कुठे? तिसरीच्या वर्गात वीज नीट होती. बसवणाऱ्याने भिंत ठोकून पाहिली आणि फळ्याच्या बरोबर मध्ये भोकं पाडली. बाईंनी मान डोलावली. तिसरी महारुद्र गुरुजींची. ते दारात उभे राहून सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशी खडूची डबी घेतली, पोरं घेतली आणि व्हरांड्यातल्या भिंतीवर लिहून शिकवायला लागले.

महारुद्र गुरुजींविषयी सांगायचं तर त्यांचं अक्षर. मंदिरावरची पाटी, ग्रामपंचायतीचा फलक, लग्नाच्या घरावरचं ‘शुभविवाह’, सगळं त्यांच्या हातचं. नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांनी याच पंचक्रोशीत काढली. आज ज्यांच्या मिशा पिकल्यात त्यांनाही गुरुजींनीच मुळाक्षरं शिकवली. फळ्यावर त्यांनी तारीख लिहिली की ती पुसायला हात धजावत नसे. आणि त्याच फळ्यावर आम्ही काच ठोकली होती.

व्हरांड्यातला वर्ग पाहिल्यावर बाईंच्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणी मुख्याध्यापकाने नोटीस काढली असती. बाईंनी बसवणारा माणूस परत बोलावला, बोर्ड काढून शेजारच्या भिंतीवर लावला, फळ्याची भोकं बुजवून वर काळा रंग दिला. परमेश्वर सरांचा तिळपापड झाला. “मॅडम, असं जुन्याला धरून बसलं तर बदल व्हायचा कसा?” बाई म्हणाल्या, “सर, फळा माझ्या चुकीनं गेला व्हता. तो परत दिला, एवढंच.”

गुरुजी वर्गात परतले. बोर्डाला मात्र बोट लावेनात. “तुमी करा बाबा. मला माझा खडू बरा.”

मग बाईंनी शनिवार धरला. शनिवारी शाळा सकाळची. पोरं गेली की आम्ही तिसरीच्या वर्गात डबे उघडायचो आणि बोर्ड सुरू करायचो. नियम एकच, जो पुढे जाईल त्याने आधी चुकायचं. पहिल्या दिवशी बाई स्वतः गेल्या. भागाकार काढायला निघाल्या आणि कुठे काय दाबलं कोण जाणे, ट्रॅक्टरची जाहिरात सुरू झाली, ढोलताशासकट. आम्ही पोट धरून हसलो. बाईही हसल्या, पण थांबल्या नाहीत. खिचडी शिजवणाऱ्या सुलाबाईंनी एकदा बोटाने काचेवर ठिपक्यांची रांगोळी काढली. पुसली, पुन्हा काढली. “ह्याला ना झाडायचं ना सारवायचं,” म्हणाल्या. मी चार शनिवारांत पहिलीला गाणी लावण्याइतकी तयार झाले. गुरुजी कोपऱ्यात बसून भाकरी खायचे, लोणचं सगळ्यांना द्यायचे, बोर्डाकडे पाठ.

एका शनिवारी सुलाबाईंनी त्यांना डिवचलं. “गुरुजी, माझी रांगोळी झाली. आता तुमचं अक्षर पाहू की!”

गुरुजी हात धुऊन उठले. मला वाटलं, चला, सुटलं कोडं. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि ‘अ’ काढायला घेतला. रेघ थरथरत गेली. बोट मध्येच उचललं, पुन्हा टेकलं, एकाच्या दोन रेघा झाल्या, बाजूला कसलीशी यादी उघडली. परमेश्वर सर सवयीने म्हणाले, “हात स्थिर ठेवा, गुरुजी.” वाईट हेतूने नाही म्हणाले. पण गुरुजींनी हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि डबा बांधला.

सोमवारी ते बाईंच्या खोलीत आले. मी तिथेच वह्या तपासत होते. उठायला लागले, तर गुरुजी म्हणाले, “बसा मॅडम, तुमच्यापासून काय लपवायचं.”

मग बाईंना म्हणाले, “दिवाळी झाली की मी घरी बसावं म्हनतोय. स्वेच्छानिवृत्ती.”

“बोर्डामुळं?”

“हातामुळं. वरीस झालं, थरथरायलाय. डॉक्टर म्हनतेत वयाचं हाय. खडूवर भार देता येतो, म्हनून फळ्यावर कळत न्हाई. ह्या काचेवर भार कुटं द्यायचा? ती सगळं दावती. उद्या गावानं बघितलं तर म्हनतील, गुरुजी संपले. अक्षर सोडून माझ्याकडं हायच काय, बाई?”

मला राग आला. कुणाचा ते कळेना. काचेचा म्हणावं तर ती निर्जीव. एवढं सगळं येणारा माणूस एका अक्षरापायी स्वतःला मोडीत काढत होता, याचाच असेल. बाईंनी समजूत घातली नाही. एवढंच म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत ऱ्हा. मी कुनाला सांगनार न्हाई.”

त्याच आठवड्यात समितीची बैठक. बन्सीधर तावातावाने बोलला. “गावानं वर्गणी दिली ती काय काच पुसून ठिवायला? तिसरी परमेश्वर सरांना द्या. न्हाईतर दिवाळीनंतर माझी अपेक्षा ताडकळसला जाईल, आन् तिच्यामागं अजून दहा पोरं.” खोटी धमकी नव्हती. तिथल्या शाळेची चौकशीही त्याने करून ठेवली होती. पोरं गेली तर एक शिक्षकही जाणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंपुढे आता दोनच वाटा दिसत होत्या. गुरुजी राखावेत तर पोरं जातात, पोरं राखावीत तर गुरुजी जातात. परमेश्वर सर खाली बघत होते. त्यांनाही असा मान नको होता.

बाई म्हणाल्या, “शनिवारी समद्या पालकांनी या. गुरुजींचा वर्ग बघा, मग काय ते ठरवू.”

बैठक संपल्यावर मी त्यांना धरलंच. “बाई, हे काय केलंत? माणसाची अब्रू टांगणीला लावलीत!” बाई सरळ गुरुजींकडे गेल्या. मीही मागोमाग. त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुमी नुसतं बोला, लेकरं लिहितील. न्हाईतर लिहा, हात हलू द्या. काय करायचं ते तुमी ठरवा. नको वाटलं तर आत्ता सांगा, मी बन्सीधरला न्हाई म्हनते.” गुरुजींनी खडू बोटांत फिरवला. “येऊ द्या त्यांना,” म्हणाले.

शनिवारी मागच्या भिंतीला टेकून गाव उभं राहिलं. बोर्डावर परभणी जिल्ह्याचा नकाशा. गुरुजींनी पूर्णा नदी शिकवायला घेतली आणि मी पुन्हा एकदा पाहिलं की हा माणूस शिकवतो म्हणजे काय करतो. येलदरी धरणाची दारं उघडली की पाणी कसं येतं, काठच्या माणसाची काय तारांबळ होते, सगळं पोरांच्या डोळ्यांपुढे उभं केलं. पोरं एकेक करून पुढे येत होती, गावांची नावं बोटाने लिहीत होती. तेवढ्यावर भागलं असतं. बन्सीधरसुद्धा मान डोलवायला लागला होता.

पण गुरुजी स्वतः नकाशाजवळ गेले. येलदरीवर बोट ठेवलं आणि नदी काढायला लागले. रेघ थरथरली, तुटली. मागे कुजबुज झाली. गुरुजींनी बोट काढलं आणि वळले.

“मशिनीचा दोष न्हाई,” ते म्हणाले. “माझा हात हलायलाय. वरीस झालं. तुमाला ठाऊक न्हाई, कारन खडूनं झाकून ठिवलं व्हतं.”



बन्सीधर भिंतीपासून सुटला आणि पुढे आला. मला वाटलं, आता हा बोलणार आणि सगळं संपणार. तो गुरुजींच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याने आपल्या राकट हातात त्यांचा हात धरला, पंजावर पंजा ठेवून.

“असंच धरीत व्हता न्हवं तुमी?” तो म्हणाला. “पाटीवर. माझा हात तर लय हलायचा.”

गावातल्या प्रत्येकाला गुरुजींनी असंच लिहायला शिकवलं होतं, मागे उभं राहून, हात हातात घेऊन गिरवून. भिंतीला टेकलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी ते हात ओळखले असतील. दोन हातांचं एक बोट येलदरीहून निघालं. रेघ तरी वाकडीच येत होती.

“बाबा, हळू,” अपेक्षा ओरडली. “नदी वाकडी व्हायलीय!”

“नदी वाकडीच असती, बाळ,” गुरुजी म्हणाले. रेघ पूर्णा गावावरून खाली उतरली आणि दक्षिणेच्या जाड निळ्या रेषेला जाऊन मिळाली. “सोड आता, बन्सी. गोदावरी आली.”

बन्सीधरने सोडला नाही. तसाच उभा राहिला, मान खाली घालून. मोठ्या बाईंनी त्या दिवशी डोळे पुसले असं गावात सांगतात, ते खोटं आहे. डोळे मी पुसले. बाई दारात ताठ उभ्या होत्या.

गुरुजींनी तिथूनच त्यांच्याकडे पाहिलं.

“बाई, दिवाळीनंतरचं जे बोललो व्हतो ते ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “मला आता हे पुसायचं कसं तेवढं दावा.”

बाई पुढे आल्या आणि त्यांनी गुरुजींच्या हाताखाली हात दिला.