रेडिओमावशी आणि गोधड्यांचं स्टेशन

रेडिओमावशी बोलता बोलता मधेच हात वर करून गप्प व्हायची. घाटकोपरच्या आमच्या टेकडीवरून विमानं इतकी खालून जायची की मांडणीवरच्या ताटल्या वाजायच्या. विमान गेलं की मावशी तुटलेल्या शब्दापासून वाक्य पुढे न्यायची. नळावरच्या भांडणातसुद्धा. समोरची बाई तोवर आपला मुद्दा विसरलेली असायची.

ही सवय स्टेशनची. स्टेशन म्हणजे चर्चमागची एक खोली, एक टेपरेकॉर्डर आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर टांगलेल्या मावशीच्याच हातच्या गोधड्या. म्हाताऱ्या पास्टरांनी ते सुरू केलं आणि मावशीला माइकसमोर बसवलं, कारण तिची हाक दोन गल्ल्या ओलांडून जायची. तेव्हा या देशात रेडिओ फक्त सरकारचा. म्हणून टेप पोस्टाने परदेशी जायची आणि तीन महिन्यांनी, बुधवारी संध्याकाळी, शॉर्टवेव्हवर खरखरत आमच्याकडे परत यायची. नाताळची गाणी मावशी ऐन गणपतीत म्हणायची. विमानाबरोबर ढोलांसाठीही थांबायची.

मी तिच्या शेजारच्या खोलीतली. देव न मानणारी, पाण्यासाठी पत्रकं वाटत फिरणारी.

"काय गं पत्रकवाली, आज कुणाचा धिक्कार?"

"तुझ्या रेडिओचा. पाण्यावर बोल की जरा!"

"बोलले ना. मागच्याच बुधवारी बायबलातल्या विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगितली."

एकदा मराठवाड्यातल्या एका बाईचं पत्र आलं. पोटात फार दुखतं, माझ्यासाठी प्रार्थना करा. मावशीने टेपवर तिचं नाव घेऊन प्रार्थना केली. ती ऐकू येईपर्यंत नेहमीचे तीन महिने गेले. मग नवऱ्याचं कार्ड आलं: 'प्रार्थना चांगली झाली. पण ती श्रावणातच गेली.' मावशीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाली, "मी तिला वाट बघायला लावली गं."

तेव्हापासून तिच्या कार्यक्रमाचा शेवट बदलला. "बायांनो, दुखत असेल तर मला पत्र लिहीत बसू नका. रेडिओ बंद करा आणि शेजारचं दार वाजवा."

बायांनी ऐकलं असणार, कारण पत्रं आटली. आणि वर, परदेशात बसलेल्या रेडिओच्या कमिटीला पत्रं दिसतात, वाजलेली दारं दिसत नाहीत. पत्रं नाहीत म्हणजे श्रोते नाहीत, मराठी कार्यक्रम बंद. इतक्या वर्षांच्या आवाजाला एका ओळीचा निरोप! मी पेटले. पत्रक लिहून तिच्या हातात कोंबलं: 'श्रोत्यांनो, ढिगाने पत्रं पाठवा!'

"शेवटच्या टेपवर एवढं वाच फक्त. स्टेशन वाचेल."

चष्मा लावून तिने ते सावकाश वाचलं, घडी करून परत दिलं. "त्या बायांना परत पोस्टाची वाट बघायला लावू?"

"अगं, पण स्टेशन जाईल!"

"जाऊ दे. गोधड्या घरी येतील. थंडी पडलीय."

मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. मधे एक भिंत, आणि आठ दिवस! नवव्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की तिच्या छातीत आठवडाभर दुखत होतं.

"मावशी, दार का नाही वाजवलंस?"

"तू रागावली होतीस ना."

दोन दिवसांनी ती गेली. शवपेटीत तिच्यावर स्टेशनातलीच एक गोधडी घातली.

कमिटीविरुद्ध मी नंतर कडक पत्रक लिहायला बसले. 'जबाबदार कोण?' एवढा मथळा झाला आणि पेन पुढे गेलं नाही.

होळीच्या सुमारास एका बुधवारी तिची शेवटची टेप लागली. मी एकटीच ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसले होते. मधेच टेपवर विमान आलं. यावेळी ती थांबली नाही. आवाज चढवून त्याच्यावरून बोलत राहिली. आणि शेवटी तेच. रेडिओ बंद करा, शेजारचं दार वाजवा.

मी रेडिओ बंद केला. बाहेर आले. माझ्या शेजारचं दार तिचं. कुलूप होतं. तरी वाजवलं.