तळमजल्याचं गिऱ्हाईक

आमचा तळमजल्याचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा एजंटने पहिल्याच दिवशी बजावलं, "घर दाखवताना मी बोलेन. तुम्ही फक्त चहाचं बघा." मला ते सोयीचं होतं. अनोळखी माणसांसमोर माझा आवाज आजही फुटत नाही. आई मात्र निवृत्त शिक्षिका. गप्प बसणं तिला कधी जमलं नाही.

सिंहगड रोडवरून नदीकडे उतरलं की आमची सोसायटी. तीन मजली, लिफ्ट नाही. माझ्या लहानपणी नदी आपल्या जागी असायची. आता पाऊस पडतो तो महिन्याचा दोन दिवसांत, मग धरणातून पाणी सोडतात आणि ते पार्किंगमधून आमच्या हॉलमध्ये येतं. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळेनंतर माझ्या वडिलांनी सगळे स्विचबोर्ड डोक्याच्या वर घेतले आणि फ्रिजखाली कडाप्प्याचा ओटा बांधून घेतला.

एजंट गिऱ्हाइकांना ते बोर्ड कौतुकाने दाखवायचा. "मुलांचा हात पोचत नाही. एकदम सेफ!"

मग आई चहाचा ट्रे ठेवायची. "अहो, पाणी शिरतं म्हणून वर घेतलेत. इथवर आलं होतं," म्हणत कमरेला हात लावून दाखवायची. गिऱ्हाईक अर्धा चहा टाकून जायचं.

सोसायटीत हे कळायला वेळ लागला नाही. सेक्रेटरीकाकांनी मला गेटवर गाठलं.

"काय गं, पाणी आलं दोनदा. तुमच्या मातोश्री मात्र रोज आणतात."

मी हसले.

"तुम्ही चाललात, आम्हाला इथेच राहायचंय. जाताना आमचे भाव बुडवून जाऊ नका."

ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये मी क्लायमेट रिस्कवर इंग्रजीत सलग बोलू शकते. काकांसमोर एक वाक्य जुळेना. शिवाय त्यांचंही घर तिथेच होतं, तेही विकून कुठे जाणार होते?

उन्हाळ्याच्या शेवटी यवतमाळकडचं एक जोडपं आलं. तो हिंजवडीत कामाला, ती घरीच. आईने नेहमीप्रमाणे कमरेला हात लावला. ते उठतील म्हणून मी ट्रे उचलायला पुढे झाले. ते उठले नाहीत.

"काकू, आमच्या बाबांना अर्धांगवायू झाला," तो म्हणाला. "जिना चढू शकत नाहीत. लिफ्टच्या बिल्डिंगा पाहिल्या, परवडत नाहीत. खालचंच घर पाहिजे."

"अहो, मग तर हे नकोच! पाणी आलं तर त्यांना उचलणार कोण?"

आईला कुणाची इतकी विनवणी करताना मी पाहिलं नव्हतं. एजंटने कपाळाला हात लावला.

"तुम्ही नाही दिलं तर पलीकडच्या बिल्डिंगमधलं घेऊ," नवरा म्हणाला. "तिथे तं कोणी काही सांगितलंच नाही."

आई माझ्याकडे बघायला लागली. जणू यावरचं उत्तर मला शाळेत शिकवलं असेल.

त्याची बायको खुर्चीत पुढे सरकली. तिने विचारलं, "पाणी येण्याआधी वेळ किती भेटते, काकू?"

आई खाली बसली आणि सांगायला लागली. पाणी सोडल्याचा मेसेज येतो. लगेच गॅस बंद करायचा, मेन स्विच पाडायचा. सासऱ्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचं आणि चौघांनी धरून पहिल्या मजल्यावर न्यायचं. त्या घरातल्यांना आत्ताच विचारून ठेवायचं. थांबायचं नाही, कारण पाणी आत आल्यावर वेळ नसतो. त्याची बायको सगळं ऐकत मान हलवत होती.

त्यांनी घर घेतलं. आम्ही चढावरच्या एका इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायला गेलो.

जुलैत पाणी सोडल्याचा मेसेज मलाही आला. मी ऑफिसमधून त्याच्या बायकोला फोन लावला.

"तीन जण भेटले ताई, चौथा पाहून राहिलो," ती धापा टाकत म्हणाली. मागे म्हातारा माणूस ओरडत होता. माझंही ऑफिस हिंजवडीतच; रस्ता तुंबलेला होता आणि पोचले असते तरी माझ्याच्याने ती खुर्ची उचलली नसती. मी "बरं" म्हणाले.

त्या दिवशी पाणी गेटपर्यंत येऊन ओसरलं. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. आवाज मोकळा होता.

"काहीच नाही आलं ताई! उगाच नेलं त्यांना. खांदा दुखावला, रात्रभर कण्हत होते. म्हणतात, जितेपणी एकदा चौघांनी उचललं, आता पुन्हा नाही." ती हसली. "पुढच्या वेळी पाणी आत येईल तवा पाहू."

"आत आल्यावर वेळ नसतो," मी म्हणाले.

"हो ना, काकू बोलल्या होत्या," ती म्हणाली. सासऱ्यांनी हाक मारली, म्हणून तिने फोन ठेवला.