रिकाम्या रकान्यापुढची हिरवी खूण

मी तशी घाबरट नाही. विहिरीत साप पडला तर तो काढणाऱ्यांना वरून सूचना देणाऱ्यांतली मी आहे. पण मागच्या पावसाळ्यानंतर बाबांना हॉस्पिटलात ठेवलं, त्या दुपारी मला साधी पाण्याची बाटली उघडेना.

झालं एवढंच होतं की काजूच्या बागेत बाबांच्या पायात खुंट घुसला. त्यांनी नेहमीप्रमाणे त्यावर हळद दाबली आणि कुणाला सांगितलं नाही. पाय गुडघ्यापर्यंत सुजला तेव्हा कुठे कबूल झाले. आईने रिक्षा बोलावून त्यांना तालुक्यातल्या एका लहान खासगी हॉस्पिटलात नेलं. मी कट्टा गावच्या बाजारात होते, ती तशीच धावत गेले.

बाबा खाटेवर, आई स्टुलावर. मला बघताच आई म्हणाली, "तो कौंटरवरचो इचारीत होतो, कसली ॲलर्जी आसा काय. माका काय कळता? मी म्हटलंय, माझा चेडू येता हा, तेका इचारा."

"मग त्याने काय लिहिलं?"

"काय नाय. ऱ्हवंदे म्हणालो, मागीर लिवया."

मी शाळेत असताना बाबांना दवाखान्यात पेनिसिलिनची सुई दिली होती. दारातून बाहेर पडेपर्यंत त्यांचे ओठ सुजले, डोळे मिटले आणि श्वास अडकला. मला तो आवाज अजून ऐकू येतो. डॉक्टर धावत आले म्हणून वाचले. बाबा मात्र त्याला "जरा चक्कर इल्ली" एवढंच म्हणतात.

कौंटरवर जाऊन सांगावं म्हणून मी उठले, तर समोरून सिस्टर आल्या. एका हातात भरलेली सिरिंज, दुसऱ्या हातात टॅब. टॅबवर बाबांचं नाव, औषधाचं नाव, आणि पुढे हिरवी खूण. ती खूण मी ओळखली. ओळखणारच. ती किती गडद असावी यावर आमच्या टीमने एक अख्खी मीटिंग घालवली होती. मी घरी बसून ज्या पुण्याच्या कंपनीचं काम करते, तिचंच ते सॉफ्टवेअर. रुग्णाला न सोसणारं औषध असेल तर लाल, काही विचारायचं राहिलं असेल तर पिवळं, सगळं ठीक असेल तर हिरवं.

ॲलर्जीचा रकाना तर रिकामा होता. मग हिरवं कसं?

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या खाटेवरची आजी उठून बसली. "त्यांना पेनिसिलिन चालत नाही. हे त्याच जातीचं आहे ना?"

सिस्टरनी औषधाचं नाव पाहिलं, मग स्क्रीन पाहिली. "जातीचं तेच आहे. पण इथे हिरवं दाखवतंय. पूर्वी आम्ही तोंडी विचारायचो, आता ह्यातच येतं." तरी त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

बाबा माझ्यावरच वैतागले. "इतक्या मोठ्यान कित्याक वराडतंस? लोक बघतत!"

मी त्यांना हलक्या आवाजात सांगितलं की हे स्क्रीनवरचं काम आमचं आहे. ते चुकलंय हे मात्र सांगितलं नाही. डॉक्टरांनी औषध बदलल्यावर मी व्हरांड्यात जाऊन टीममधल्या सहकाऱ्याला फोन लावला.

"रकाना रिकामा असला तर पिवळं येत होतं. ते कुठे गेलं?"

त्याने शोधलं. नव्या कोडमध्ये रिकामं म्हणजे 'ॲलर्जी नाही' असं धरलं होतं. ते कोड एआयने लिहिलेलं. "जुनं फार गुंतागुंतीचं झालंय, सुटसुटीत कर," असं त्याला सांगणारी मीच. तपासलं दुसऱ्या एआयने. खाली मंजुरीला माणसाचं नाव लागतं म्हणून माझं.

"पण टेस्ट सगळ्या पास आहेत गं."

"टेस्ट कोणी लिहिल्या?"

"त्याच एआयने."

"आणि हे कुठे कुठे लागलंय?"

"सगळीकडे. मागे घ्यायला वरची परवानगी लागेल. संध्याकाळ होईल."

पिशवीतला लॅपटॉप काढून मी त्या एआयलाच विचारलं, रिकामं म्हणजे 'नाही' का धरलंस? क्षणात उत्तर आलं. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, हे धोकादायक ठरू शकतं, मी दुरुस्त केलं आहे. खाली नवं कोड, स्वच्छ, नीटनेटकं, मागच्या खेपेसारखंच पटणारं. मी ओळ न् ओळ वाचायला घेतलं आणि मधेच कळलं की मला विश्वासच ठेवता येत नाहीये, त्याच्यावरही नाही आणि माझ्या वाचण्यावरही नाही. बाटली उघडेना ती तेव्हा. भीती नावाची गोष्ट त्याला नव्हतीच, सगळी माझ्या एकटीच्या वाट्याला आली होती.

वॉर्डात परतले तर बाबा खुशीत होते. त्यांनी अर्धीच गोष्ट ऐकली होती आणि तेवढीच पलीकडच्या आजीला सांगत होते. आजी एकटीच होती, आणि तिचं इंजेक्शन घेऊन सिस्टर खाटेशी उभ्या होत्या. आजी हात काही पुढे करीना.

"भिया नको गो," बाबा म्हणाले. "ह्या यंत्र माझ्या चेडवान केल्यान. चुकाचा नाय."

आजीने माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि बाही वर सरकवली. टॅबवर तिच्या नावापुढे हिरवी खूण होती.

मी पुढे होऊन सिस्टरांचा हात धरला. "आजी, तुम्हाला कधी कुठली सुई, कुठलं औषध बाधलं होतं का? आठवून सांगा."

"माका काय इचारतंस बाय?" आजी म्हणाली. "तुझ्या यंत्राक सगळा म्हायत आसतला मां?"