फिरोजाचं हरीण

म्हसळ्याच्या बाजारात ‘न्यू करम फोटो स्टुडिओ’ अशी पाटी आहे. जुना करम फोटो स्टुडिओ कधी नव्हताच. मग पाटीवर ‘न्यू’ कशाला, असं विचारलं की करमअली म्हणतो, "नवा होता तेव्हाच रंगवली ना पाटी." गेली पस्तीस वर्षं या माणसाने मुख्यतः एकच काम केलं, पासपोर्टचे फोटो काढले. तालुक्यातला जो कुणी कुवेत, दोहा, मस्कतला गेला, तो आधी करमअलीच्या स्टुलावर बसून मगच विमानात बसला. दोन्ही कान दिसले पाहिजेत, कपाळावर केस नकोत, हसायचं नाही, आणि बटण दाबण्याआधी न चुकता, "हां, इकडे बघा." लग्नाची कामं त्याने फारशी घेतली नाहीत. लग्नातली माणसं फार हलतात, असं त्याचं म्हणणं.

अशा माणसाने साठी ओलांडल्यावर जंगलात जाऊन हरणांचे फोटो काढायचं खूळ डोक्यात घेतलं, तेव्हा बाजाराने तोंडात बोट घातलं. मुंबईहून वापरलेला कॅमेरा आला. त्याला लांबच लांब लेन्स, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. लोकांना वाटलं, मोबाइलमुळे धंदा बसला, म्हाताऱ्याला वेळ जात नाही. खरं कारण करमअलीने कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी तर मुळीच नाही, कारण ते कारण घरातच होतं.

कारण म्हणजे त्याची बायको फिरोजा. ती दिघीच्या खाडीकाठची. मासळीचं तिला सगळं कळायचं, डोंगराचं काही नाही. अडतीस वर्षांपूर्वी, लग्नाला जेमतेम तीन महिने झाले असताना, ती नणंदांबरोबर गावामागच्या डोंगरात करवंदं काढायला गेली. काढता काढता मागे पडली. परत आली ती धापा टाकत, ओढणीतली निम्मी करवंदं सांडून, आणि सांगू लागली, "मी हरीण बगितलं. एवढंसं, सशाएवढं. अंगावर पांढरे ठिपके."

"सशाएवढं असेल तर ससाच गो तो!" मोठी नणंद म्हणाली. तिला सगळे आपा म्हणतात. अख्खं घर हसलं, आणि सगळ्यात मोठ्याने हसला नवरा, मांडीवर थाप मारून.

एकदा हसून भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पण या घराला ती गंमत फारच आवडली. बाजारातून लहान सुरमई आली की ‘फिरोजाच्या हरणाएवढी’. पोराने थाप मारली की ‘हे बघा फिरोजाचं हरीण’. तिचा स्वतःचा मुलगा अफान शाळेत जायला लागला तोवर ‘हरीण’ म्हणजे घरात खोटं, असाच अर्थ झाला होता. फिरोजा आधी भांडली, मग रडली, आणि पुढे एका दावतीत सगळ्यांबरोबर स्वतःही हसली. ती हसली तसं सगळ्यांना वाटलं, चला, मिटलं.

तीन वर्षांपूर्वी वनखात्याचा एक रक्षक शाळेत लावायची प्राण्यांची चित्रं लॅमिनेशन करायला स्टुडिओत घेऊन आला. सांबर गेलं, भेकर गेलं, आणि पाचव्या चित्राला करमअलीचा हात थांबला. चित्राखाली लिहिलं होतं: पिसोरी, सगळ्यात लहान हरीण, उंची जेमतेम एक फूट, दाट जंगलात राहते, अतिशय लाजाळू. अंगावर पांढरे ठिपके. ते चित्र मशिनमधून वाकडं निघालं आणि करमअलीने त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्या दिवशी घरी जाऊन त्याला सांगता आलं असतं. पण आपा काय म्हणेल, ते त्याला पाठ होतं. चित्रातलं हरीण काय, कुठलंही असेल, आपल्या डोंगरात कुणी बघितलंय? आणि खरं सांगायचं तर आपाचं निमित्त होतं. रिकाम्या हाताने बायकोसमोर उभं राहून ‘मी चुकलो’ म्हणायची त्याची छाती होत नव्हती. हातात फोटो असता तर काम सोपं होतं. म्हणून त्याने ठरवलं, त्याच डोंगरातल्या पिसोरीचा फोटो काढायचा, चांगला दोन फूट मोठा करायचा, आणि ईदला सगळी माणसं जमतील तेव्हा मधोमध ठेवायचा.

डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी वाडीत बुधाजी राहतो. वय करमअलीएवढंच, आणि त्या डोंगराची त्याला खडान् खडा माहिती. ओळख फक्त रेशनकार्डाच्या फोटोपुरती होती, पण करमअलीने त्याला गाठलं. पहिल्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर स्वारी वाडीवर हजर झाली ती पांढराशुभ्र कुर्ता घालून आणि कानामागे अत्तर लावून. चाळीस वर्षांत तो अत्तराशिवाय घराबाहेर पडला नव्हता. बुधाजीने नाक वर करून वास घेतला.

"करमभाय, लग्नाला निगालाव का काय?"

"का रे?"

"न्हाय, चला. कळंल."

कळलं. पाणवठ्याच्या वर पोचतात न पोचतात तोच झाडीतून एक भेकर भुंकलं. भेकर हे हरीण, पण घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. ते अर्धा तास भुंकत राहिलं आणि म्हसळ्याचे करमअली अत्तर लावून आलेले आहेत, ही बातमी त्याने साऱ्या डोंगराला दिली. त्या दिवशी कॅमेऱ्यात आला तो फक्त बुधाजी, तोही हसताना.

तेव्हापासून करमअली शिकू लागला. अत्तर फक्त शुक्रवारी, जुम्याला. जंगलात जायचा मळका सदरा वेगळा, तो चुलीवर टांगून धुराने भरलेला. बुधाजी चिमूटभर राख हवेत सोडायचा, ती कुठे जाते ते बघायचा आणि वारा समोरून येईल अशा जागी पाल्याचं लपण करायचा. लपणात बसलं की खोकायचं नाही, पाय मोकळा करायचा नाही, डास चावला तर चावू द्यायचा. तीस सेकंदांत गिऱ्हाईक उठवणारा माणूस तीन-तीन तास बसू लागला. फिरोजा म्हणायची, "घरी पाच मिनटं बसवत नाय तुमाला, आणि तितं कोन बसवतंय?" तो म्हणायचा, "छंद आहे." मग तिने विचारणं सोडलं आणि डब्यात दोन भाकऱ्या जास्त घालू लागली, एक बुधाजीसाठी.

दुसऱ्या वर्षी भेकर मिळालं. पाणवठ्यावर मान वर करून उभं, सकाळच्या तिरप्या उन्हात तांबूस दिसणारं, नाकाच्या शेंड्यावर पाण्याचा थेंब. करमअलीने तो फोटो दुकानाच्या काचेत पासपोर्टच्या नमुन्यांमध्ये लावला. बाजारातली माणसं थांबून बघायची आणि विचारायची, "याचा व्हिसा कुठला?" अलिबागेहून कोर्टाच्या कामाला आलेल्या एका वकिलाने तर त्याची प्रतच मागून घेतली. सांबर मिळालं, रानडुक्कर मिळालं. करमअली खूश होता, पण घरी परतताना रोज तेच मनात येई, की फिरोजाचं अजून राहिलंच आहे.

पिसोरी दिसायची नाही. तिच्या खुरांचे ठसे दिसायचे, बोटाच्या पेराएवढे, चिखलात टोचल्यासारखे. "हाय ती," बुधाजी म्हणायचा. "आपल्याला बगून जाते, आपून तिला बगत न्हाय. पायाखाली असंल तरी दिसायची न्हाय. पालापाचोळा आन् ती, येकच."

या वर्षी बकरी ईद मे महिन्याच्या अखेरीस आली. अफान दोह्याहून बायकामुलांना घेऊन येणार होता, आपाही येणार होती. आपाची आता पंचाहत्तरी झाली, फिरोजाचे गुडघे गेले. पुढच्या ईदला सगळी एकत्र असतीलच, असं कोण सांगणार? करमअली रोज जाऊ लागला. ईद चार दिवसांवर आली असताना बुधाजीने त्याला ओढ्याकाठच्या एका जुन्या उंबराखाली बसवलं. पिकलेली उंबरं खाली पडली होती आणि काही अर्धवट खाल्लेली होती.

दिवस उगवला. बुलबुल आले, उंबरं खाली पाडून गेले. मग मुळांच्या मधली सावली हलली आणि तिला पाय फुटले.

पिसोरी बाहेर आली. खरंच सशाएवढी. काडीसारखे पाय, पाठ जराशी वाकलेली, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी आणि गळ्यावर तीन पांढरे पट्टे. ती एक पाय उचलायची, थांबायची, मग दुसरा. लपणापासून वीस पावलांवर येऊन ती आडवी उभी राहिली आणि उंबर चघळू लागली. करमअलीचा हात स्थिर होता. लेन्समध्ये तिच्या पापण्याही दिसत होत्या. डोळे भरून येत होते, पण तेही त्याने थोपवले. बोट बटणावर गेलं, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तसं झालं.

"हां, इकडे बघा," करमअली म्हणाला.

आणि पिसोरीने बघितलं! पस्तीस वर्षांत कुणा गिऱ्हाइकाने इतकं निमूट ऐकलं नसेल. काळेभोर मोठे डोळे, दोन्ही कान दिसताहेत, पापणी लवत नाही. पण ते किती वेळ? बोट दाबलं जाईपर्यंत ती तिथे नव्हती. फोटोत आलं उंबराचं मूळ आणि हलणारी दोन पानं.

बुधाजीने कपाळावर हात मारला. मग त्याला हसू फुटलं, ते थांबेचना. "करमभाय, बसाया स्टूल पन द्यायचा व्हता ना तिला!"

करमअलीही हसला. पोट दुखेस्तोवर दोघे हसले. उतार लागला तेव्हा मात्र त्याचं हसू ओसरलं. आता घरी काय सांगायचं? बघितली, पण दाखवायला काही नाही? म्हणजे अडतीस वर्षांपूर्वी फिरोजा जे सांगत आली होती, अगदी तेच. त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की तो वाटेत एका दगडावर खाली बसला. तिच्या जागी उभं राहायला त्याला अडतीस वर्षं लागली होती.

घरी फिरोजा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"फिरोजा, आज मी तुझं हरीण बघितलं."

तिने मान वर केली नाही. "सकाळी सकाळी मस्करी नको. हात धुवा."

"मस्करी नाही. वरच्या ओढ्याला, उंबराखाली. सशाएवढं. पिसोरी म्हणतात त्याला."

तिचे हात थांबले. "गळ्यावर पट्टे होते?"

"तीन. पांढरे." आणि मग त्याला उमगलं, की पट्ट्यांचं तिने कधी सांगितलंच नव्हतं. कुणी तिला तिथवर पोचूच दिलं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास घरभर झाला, तरी ती तशीच उभी होती.

"फोटो काडलात?"

"नाही गो. चुकला. माझ्याच तोंडामुळे."

तिने करपलेली भाकरी बाजूला काढली आणि नवा गोळा घेतला.

ईदच्या दुपारी बावीस माणसं जेवायला होती. पुढ्यात फोटो नव्हता, काहीच नव्हतं. करमअलीने घसा साफ केला आणि एका दमात बोलून टाकलं, की आपल्या डोंगरात सशाएवढं हरीण आहे, ते आपण या डोळ्यांनी बघितलं, फिरोजा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, सगळ्यात मोठ्याने हसलो तो मी, आणि मी चुकलो.

आपाने विचारलं, "फोटो कुठाय?"

"फोटो नाही."

झालं! जो हशा उसळला त्याने ताटं वाजली. "आता दोन हरणं झाली घरात!" आपा डोळे पुसत म्हणाली. अफान म्हणाला, "अब्बा, जगभर गेलेल्या माणसांचे फोटो काढलेत, आणि या हरणाचाच नाही?" करमअलीचे कान तापले. फोटो चुकला कसा, हे सांगायला तो तोंड उघडणार, पण ते सांगितलं तर हसण्याला आणखीच ऊत येईल, हेही त्याला दिसत होतं.

"हसू नका," फिरोजा म्हणाली.

ती दारात उभी होती, हातात डाव. तिचा असा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता.

"त्यानी बगितलं म्हनतात ना? मग बगितलं."

हशा थांबला. एवढंच एक वाक्य अडतीस वर्षांपूर्वी याच घरात कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि तो कुणीतरी आपण होतो, हे घास हातात धरून बसलेल्या करमअलीला कळत होतं. आता त्याने डोळे थोपवले नाहीत. त्याने सरकून शेजारी जागा केली आणि सतरंजीवर हात ठेवला.

"तू सांग," तो म्हणाला. "करवंदं काढता काढता मागे पडलीस, तिथपासून सांग. मधे कुणी बोलायचं नाही."

फिरोजाने एकदा आपाकडे बघितलं. मग डाव पातेल्यात ठेवला, गुडघ्यावर हात टेकत त्याच्या शेजारी बसली आणि सांगू लागली.