दाराजवळचा थर्मामीटर

"तू विद्यापीठात नक्की करतोस काय?" हा प्रश्न आईने पाच वर्षं विचारला. दर वेळी मी आधीपेक्षा थोडं जास्त शहाणं उत्तर द्यायचो आणि तिला आधीपेक्षा थोडं कमी कळायचं. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या गच्चीवर ठरलं तेव्हा तिने हुकूमच सोडला, "ते जे काय आहे ना तुझं, ते घेऊन ये. आपल्या मंगला गौरी मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका विचारतात. मी काय सांगू, काच पुसतो?"

अगदीच चूक नव्हतं. माझं सगळं संशोधन म्हणजे दोन काचांच्या मध्ये अडकवलेला एक थेंब. द्रव-स्फटिकांची ही एक अवस्था, तिला ब्लू फेज म्हणतात, पण माझा थेंब हिरवा होता. त्यात रंग घातलेला नसतो. आतले रेणू पीळ घेत अशी रचना करतात की पडलेल्या उजेडातला एकच रंग परत फिरतो, मोराच्या पिसात होतं तसं. वीज दिली की तो रंग सरकतो. म्हणजे मागे दिवा न लावता, भर उन्हात वाचता येईल असा रंगीत पडदा यातून होऊ शकतो. नखरा एकच: ही अवस्था काही ठरावीक अंशांतच राहते, जरा गारवा लागला की गेली. मी तिच्यात पॉलिमरचं जाळं विणून तिला पंधरा अंशांवर टिकवली होती. निदान प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तसं लिहिलं होतं. आठ दिवसांनी ते सगळ्या विभागापुढे मांडायचं होतं. पटलं तर प्रबंध सादर, नाही तर आणखी एक वर्ष.

तर संक्रांतीला दुपारी चारच्या सुमाराला मी गच्चीवर गेलो. धुक्याचे दिवस, ऊन असून नसल्यासारखं. काळ्या साड्या, त्यांवर शाली, मधे तिळगुळाचं ताट. मी बंडीच्या आतल्या खिशातून जादूगाराच्या थाटात काच काढली. हिरवीगार! "अगं बाई!" असं चार-पाच जणी एकदम म्हणाल्या. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग मी काच कठड्याच्या दगडावर ठेवली आणि भाषण सुरू केलं. भाषण रंगात आलं आणि थेंबाचा रंग उतरला. मिनिटभरात तिथे नुसतं पांढुरकं धुकं.

"लाजला वाटतं," कोणीतरी म्हणालं.

"धुकं तर वर फुकट दिसतंय की रे," शेजारच्या काकू म्हणाल्या. काकूंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं, आणि त्यांच्यापुढे मी अजूनही सातवीतच असतो. त्यांनी काच उचलली, दोन्ही तळव्यांत धरली, शालीखाली घेतली. पुन्हा उघडली तर हिरवी.

"याला ऊब लागते. तू म्हणालास थंडीत टिकतो?"

"लॅबमध्ये टिकतो, काकू. पंधरा अंशांवर."

"कशावर मोजलंस?"

नमुन्याचं तापमान सांभाळणारी तबकडी बिघडून दुरुस्तीला गेली होती. मी पठ्ठ्याने दाराजवळ भिंतीवर टांगलेल्या थर्मामीटरचा आकडा वहीत उतरवला होता, दोन महिने, सुवाच्य अक्षरात. आणि नमुना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर खुशाल शेकत बसलेला.

आईने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, तो मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सायकलवर माझ्या मनात एक झकास योजना तयार झाली. सभागृहात काच खिशातून काढायची, अर्धा मिनिट दाखवायची, की परत खिशात. खिसा उत्तम काम करत होता. लॅबमध्ये माझे हिंदीभाषक मार्गदर्शक सर एकटेच चहा पीत बसले होते. मी नमस्कार केला, आणि योजनेवर आणखी विचार होण्याआधीच नमुन्याखालचा सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"देखिए, सर."

त्यांनी पाहिलं. हिरवा फिकटला, मग गेला. त्यांनी कप खाली ठेवला.

"पकड़ा किसने?"

"मोहल्ले की औरतों ने."

"उन्हें कमेटी में रख लें क्या?" ते म्हणाले, आणि चौथं प्रकरण माझ्याकडे सरकवलं. "फिर से."

वर्ष गेलं. जाळं नव्याने विणलं, चार वेळा फसलं. पुढच्या संक्रांतीला मी काच नेली ती टिफिनच्या डब्यात, खिसा मुद्दाम टाळून, आणि सोबत दाराजवळचा तो थर्मामीटरही. दोन्ही कठड्यावर शेजारी-शेजारी ठेवली. पारा चौदावर. या वेळी भाषण केलं नाही. काकूंनी तिथेच खुर्ची ओढली आणि हळदीकुंकू संपेपर्यंत कुणाला काचेला हात लावू दिला नाही. आई मधून मधून तबक घेऊन उगाचच त्या बाजूला चक्कर मारून जायची.

शेवटची बाई जिना उतरली तेव्हाही थेंब हिरवाच होता.

काकू गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "हं," त्या म्हणाल्या, "आता लिही."