दहावीत अडकलेले गुरुजी

वर्गात शिरणाऱ्या प्रत्येक पोरापुढे गुरुजी आधी हात पसरायचे. "खोडरबर इकडं." पोरगं खिशातून रबर काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचं आणि मग आत जायचं. सगळी रबरं खिडकीतल्या एका डब्यात. वर्ग सुटला की ज्याचं त्याला परत.

"चूक पुसायची न्हाई," ते सांगायचे. "राहू द्यायची. खाली बराबर लिहायचं. पुसली की वाटतं झालीच न्हवती, अन् मंग परत तीच होती."

पहिल्या भेटीत मला हे जरा चक्रमपणाचं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शाळा सोडलेल्या मुलामुलींसाठी अनौपचारिक शिक्षणाची एक योजना होती आणि त्यात मी पर्यवेक्षक होतो. गावोगावची केंद्रं तपासायची, हजेरी बघायची, शेरा मारायचा. माझ्याकडची बरीचशी केंद्रं हजेरीपटावरच भरत. पटावर पंचवीस नावं आणि दाराला कुलूप. कुंभार पिंपळगावचं केंद्र मात्र खरोखर भरायचं, तेही सकाळी सहाला, पोरं शेतावर जायच्या आधी. मला त्यासाठी आदल्या दिवशी गावात मुक्काम करावा लागे. जुन्या बालवाडीची खोली होती. भिंतीवर ससा, कमळ, बदक. आणि त्यांच्याखाली मिसरूड फुटू लागलेली पोरं आणि ओढणीचं टोक दातात धरलेल्या पोरी गुडघे दुमडून बसलेल्या.

गुरुजी चाळिशीला आलेले होते. उंच, किंचित वाकलेले. सदऱ्याचं वरचं बटण कायम लावलेलं. दोन एकर शेती, बायको, एक लहान मुलगी. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायची सवय.

ही पोरं ते आणत कुठून, याचं मला नवल वाटे. शाळेला कंटाळलेलं पोर बोलावून येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. गुरुजी बोलवायचेच नाहीत. एक मुलगी पाचवीतून शाळा सोडून शेळ्या राखत होती. वाचताना अडखळते म्हणून तिला महिनाभर वर्गाबाहेर बसवलं होतं, ती जी घरी आली ती परत गेलीच नाही. तिच्या शेळ्या दुपारी एसटी स्टँडमागे बाभळीखाली असायच्या. गुरुजी स्टँडवर जाऊन उभे राहिले आणि गाडीवरची पाटी मोठ्यानं वाचली, "पैठण!"

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी पोरीला राहवलं नाही.

"पैठण न्हाई हो गुरुजी, परतूर हाय ते."

"तुला वाचता येतं?"

"थोडं थोडं."

"मंग उद्या सकाळी ये. माझ्या लई गाड्या चुकून राह्यल्यात."

ती आली. आल्यावर तिला कळलं की गुरुजींना वाचता येतं. पण तोवर ती बसलेली होती.

योजना खरं तर पाचवीपर्यंतची होती. पण पाचवीच्या दाखल्यावर पुढे काय करायचं, हे योजनेत लिहिलेलं नव्हतं. म्हणून गुरुजी आपल्या हिमतीवर पोरांना पुढे रेटत. वयात बसली की सतरा नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न जाता दहावीला बसवत. गणित, विज्ञान, भूगोल, सगळं स्वतः शिकवायचे आणि सुंदर शिकवायचे. इंग्रजी तेवढं नाही. त्यासाठी रविवारी हायस्कूलच्या एका शिक्षकांकडे पोरांना घेऊन जायचे आणि स्वतःही मागच्या ओळीत वही उघडून बसायचे. मला वाटायचं, किती हा नम्रपणा.

ऑफिसातून माझ्याकडे दर वर्षी एक कागद मागितला जाई: केंद्र चालवणाऱ्याचं दहावी पास झाल्याचं प्रमाणपत्र. गुरुजी दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या खेपेला बराबर देतो, साहेब." तीन वर्षं मी ऐकलं. चौथ्या वर्षी त्यांच्या घरी जाऊन बसलो आणि म्हणालो, आज घेतल्याशिवाय उठत नाही.

ते आत गेले. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते गुणपत्रिकांचा एक गठ्ठा घेऊन. माझ्यासमोर सतरंजीवर एकेक मांडत गेले. नऊ झाल्या. प्रत्येकीत गणिताला सत्तरच्या वर. प्रत्येकीत इंग्रजीखाली लाल रेघ. सव्वीस, एकतीस, बावीस, तेहतीस.

"एकाच विषयात अडकून राह्यलोय, साहेब," ते म्हणाले. "बाकीचा मी कवाच पास झालोय."

मला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाज वाटली.

"मग नेमणूक कशी झाली तुमची?"

"आधीच्या साहेबांनी विचारलं, शिक्षण काय? मी म्हणलो, दहावी. त्यांनी पुढचं विचारलंच न्हाई."

मग त्यांनी मला ती जुनी गोष्ट सांगितली. आठवीत असताना त्यांना उभं करून इंग्रजीतला बुधवार वाचायला सांगितला होता. त्यांनी जसा लिहिलेला असतो तसा वाचला, वेडनेसडे. वर्ग हसला, मास्तर हसले, आणि संध्याकाळपर्यंत गाव हसलं. तेव्हापासून गावात त्यांचं नाव वेडनेसडे. इंग्रजीचं पान उघडलं की त्यांना आधी ते हसणं ऐकू येई.

मी काय करायला हवं होतं? नियम स्पष्ट होता. पण त्या खोलीत बावीस पोरं बसत होती आणि प्रमाणपत्रवाल्यांच्या केंद्रांना कुलपं होती. मी कागदावर लिहिलं, 'प्रमाणपत्र लवकरच सादर करण्यात येईल', आणि गुरुजींना दहाव्यांदा फॉर्म भरायला लावला. त्याच वर्षी शेळ्यावाली मुलगीही दहावीला बसत होती.

इंग्रजीचा पेपर परतूरला होता. दोघं एकाच गाडीनं गेली. योगायोगानं खोलीही एकच आली, ती पुढे, गुरुजी तिसऱ्या बाकावर. त्या दिवशी काय झालं ते मला नंतर तिनंच सांगितलं.

"पहिला तासभर गुरुजी लिहूनच राह्यले होते, साहेब. मी एकदा मागं बघितलं, दोन पानं भरली होती. मंग पेपरवर लक्ष ठेवणारे सर फिरत फिरत आले. ते गुरुजींसंगं आठवीत शिकलेले निघाले. म्हणले, काय वेडनेसडे, अजून इथंच? सगळी पोरं हसली. गुरुजी पण हसले. मंग त्यांनी पेनाला टोपण लावलं."

"पुढे लिहिलं नाही?"

"बिलकुल न्हाई. दोन तास नुसते बसले. उठून पण गेले न्हाईत. मला वाटलं, उठून जावं त्यांनी. पण मी लिहीत व्हते म्हणून बसले असतील."

निकाल लागला. मुलीला इंग्रजीत एक्केचाळीस. गुरुजींना एकोणतीस. त्यांनी गावात पेढे वाटले आणि स्वतःबद्दल कुणी विचारायच्या आत तिची गुणपत्रिका पुढे करत राहिले. ती पुढे जालन्याला नर्सिंगला गेली. तिला गाडीत बसवायला गुरुजी आले होते. गाडी दिसेनाशी झाली तरी बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. मी म्हटलं, "गुरुजी, आता तुमचा नंबर." ते म्हणाले, "पोरं निघून जातात, साहेब. हे बरं हाय. कुणीतरी निघालं पाह्यजे."

दोन वर्षांनी वरून आदेश आला. ज्यांची प्रमाणपत्रं फाइलला नाहीत, त्यांना पर्यवेक्षकानं स्वतःच्या सहीनं कमी करावं. जो करणार नाही त्याच्याकडे खुलासा मागितला जाईल. माझी नोकरी कायम नव्हती. घरी दोन मुलं शिकत होती. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आज तुम्हाला सांगतो आहे. कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. मी वरच्या साहेबांना भेटून एकदा तरी बोलू शकलो असतो. त्या बावीस पोरांच्या वह्या दाखवू शकलो असतो. गेलो नाही.

पत्र घेऊन मी कुंभार पिंपळगावला गेलो. वर्ग सुटला होता, गुरुजी खोली झाडत होते. पत्र वाचून त्यांनी नीट घडी केली.

"सही तुमचीच हाय," ते म्हणाले.

"हो."

"करावीच लागती. न्हाई तर तुम्ही पण अडकला असता." मग झाडू कोपऱ्यात ठेवून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "दार जरा उचलून लावा, खाली घासतं."

नवा माणूस बारावी झालेला होता. दोन महिन्यांत पोरं यायची थांबली. काही जण गुरुजींच्या शेतावर गेले, तेव्हा त्यांनी परत पाठवलं. "तिकडं जा. माझ्यापाशी कागद न्हाई." मी शेऱ्यात लिहिलं, उपस्थिती कमी. त्या गावाचं काम मग मी मुद्दाम दुसऱ्याकडे दिलं.

पुढे योजना बंद पडली आणि मी जालन्याच्या ऑफिसात एका टेबलावर बसू लागलो. एक दिवस ती मुलगी, आता एका आरोग्य उपकेंद्रात नर्स, मला शोधत आली. गुरुजी गेले होते. पावसाळ्यात ताप आला, अंगावर काढला. जाऊन महिना झाला होता. ज्याचं नावच यादीत नाही, त्याची बातमी ऑफिसला कोण कळवणार?

मी पुढच्या रविवारी गेलो. त्यांच्या बायकोनं सतरंजी टाकली.

"लई वाट पाह्यली त्यांनी तुमची," त्या म्हणाल्या. रागावून नाही, नुसतं सांगावं तसं. "गाडीचा आवाज आला की म्हणायचे, साहेब आले का बघ."

मी सतरंजीवर बसलो.

दारात त्यांची मुलगी उभी होती. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कडेवर होती, आता तेरा-चौदा वर्षांची. वहिनी म्हणाल्या, "बापाला काढलं तवा गावात लई बोलले लोक. शाळेतली पोरं हिला वेडनेसडेची पोरगी म्हणून चिडवायची. तरी बापानं कशीबशी सातवीपर्यंत धाडली. ते गेल्यापासून दप्तराला हात लावला न्हाई हिनं. तुम्ही एवढ्या शाळा तपासल्या, साहेब. तुम्ही बोला हिच्याशी."

मी बी.एड. होतो. बारा-तेरा वर्षं या खात्यात काढली होती. मी घसा साफ केला आणि विचारलं, "बाळ, शाळा का सोडलीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग अंगणातली बादली उचलली आणि घरामागे निघून गेली.

मी आणखी काहीतरी बोलायचं शोधत राहिलो. वहिनींनी चहा पुढे ठेवला, तो गार होईपर्यंत शोधत होतो.